बर्फात राहण्याची शाळा

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यात, नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान, खांब नावाचे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग या गावातून जातो. येथे पाऊस धो धो पडतो. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात. हिवाळा म्हणजे पहाटे अंगावर ओढायची एक गोधडी, एवढेच. येथे बर्फ दिसतो तो मासळीच्या खोक्यात किंवा गोळेवाल्याच्या गाडीवर. आकाशातून बर्फ पडतो, जमिनीवर साचतो आणि त्यावर माणसे तंबू ठोकून राहतात, हे येथील मुलांना पुस्तकातच वाचावे लागते.

पण याच महामार्गाने दक्षिणेकडे गेलात तर तुम्ही गोव्यात पोहोचाल. गोव्यात वास्को येथे, नारळीच्या झाडांच्या प्रदेशात, भारत सरकारचे 'राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र' आहे. या केंद्राचे एक काम म्हणजे माणसांना पृथ्वीच्या दोन्ही टोकांवरील बर्फात पाठवणे. उत्तर टोकाजवळ नॉर्वे देशाच्या ताब्यातील स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तेथील नी-ओलेसुंड या वस्तीत भारताने १ जुलै २००८ रोजी 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू केले. तेथून उत्तर ध्रुव सुमारे १,२०० किलोमीटर राहतो. आधी आपले शास्त्रज्ञ तेथे मुख्यतः उन्हाळ्यात जात. डिसेंबर २०२३ पासून ते हिवाळ्यातही जाऊ लागले. त्या काळात तेथे सूर्य उगवतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तो मावळतो, तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर दिसतो.

आता विचार करा. आपल्या देशाच्या एखाद्या गरम गावात वाढलेला माणूस तेथे कसा राहत असेल? जाड कोट घातला की झाले, असे तुम्हांला वाटेल. पुष्कळांना तसेच वाटते. पण बर्फात राहणे हे पोहण्यासारखे आहे. ते शिकावे लागते आणि अंगाने शिकावे लागते. पुस्तक वाचून कोणाला पोहता येत नाही. मात्र पाण्यात उतरण्यापूर्वी दोन गोष्टी समजल्या असतील तर फायदाच होतो. म्हणून हा पाठ.

आधी एका शब्दाविषयी. 'बर्फ' हा शब्द फारसीतून आला आणि तुमच्या उर्दूत व मराठीत सारखाच राहिला. मराठीत त्याच्या जोडीला 'हिम' हा संस्कृत शब्दही आहे. त्यावरून हिमालय, हिमनदी, हिमदंश हे शब्द झाले. यांतील 'हिमदंश' हा शब्द लक्षात ठेवा. दंश म्हणजे डंख. थंडी साप-विंचवासारखी डसते, असा त्याचा अर्थ. पुढे तो येणार आहे.

आपल्या देशात बर्फाच्या शाळा कोठे आहेत? २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंग येथे गिर्यारोहण शिकवणारी संस्था सुरू झाली. तेनसिंग तेथे शिक्षक झाले. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था सुरू झाली. बचेंद्री पाल तेथेच शिकल्या आणि २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मनाली आणि काश्मीर येथेही अशा संस्था आहेत. दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावर जाणाऱ्या भारतीयांना तर निघण्यापूर्वी उत्तराखंडातील औली येथे बर्फात राहण्याचे शिक्षण दिले जाते. ते भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान देतात. अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादेत जन्मलेले आणि अलीगढला शिकलेले हे समुद्रशास्त्रज्ञ २१ जणांची तुकडी घेऊन डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या बर्फाळ खंडावर उतरले.

महाराष्ट्रातील मुलेमुलीही अनेक वर्षांपासून हिमालयातील या संस्थांत शिकायला जातात. सुट्टी काढून, पैसे जमवून, रेल्वेने दोन दोन दिवस प्रवास करून जातात. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण मे १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. हा मान मिळवणारे ते पहिले महाराष्ट्रीय. मे २०१२ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत एकाच वेळी तेथे पोहोचले. ही सगळी माणसे सह्याद्रीत वाढलेली, म्हणजे बर्फ न पडणाऱ्या डोंगरांतली. ती बर्फात टिकली, कारण त्यांनी ते शिक्षण घेतले होते.

या शाळेतला पहिला धडा ऐकून तुम्हांला नवल वाटेल. तो थंडीचा नसून घामाचा आहे.

घरातले मातीचे मडके आठवा. त्यातले पाणी थंड का राहते? मडक्यातून थोडे थोडे पाणी बाहेर झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ती मडक्याची उष्णता घेऊन जाते. आपल्या अंगावरचा घाम हेच करतो. खांबच्या मे महिन्यात ही देवाची कृपाच म्हणायची. पण उणे पंधरा अंश तापमानात तोच घाम जिवावर उठतो. पाठीवर ओझे घेऊन माणूस चढ चढतो. त्याला गरम होते, आतला कपडा भिजतो. मग तो विसावा घ्यायला थांबतो. चालण्याने निर्माण होणारी उष्णता थांबते, पण ओला कपडा अंगाला चिकटलेलाच असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता पळवते. पाच-दहा मिनिटांत तो कुडकुडू लागतो. पावसाळ्यात भात लावून भिजून आलेला माणूस कसा कापतो, ते तुम्ही पाहिले असेल. तेव्हा बाहेर तर चोवीस-पंचवीस अंश तापमान असते. मग बर्फात काय होत असेल, याची कल्पना करा.

म्हणून शिक्षक सांगतात, 'चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे.' निघताना कोट काढून सॅकमध्ये ठेवायचा. अंग तापू लागले की घाम येण्याआधीच टोपी काढायची, गळ्याची साखळी उघडायची, वेग कमी करायचा. थांबल्याबरोबर, थंडी वाजायची वाट न पाहता, कोट चढवायचा. नव्या मुलांना हे पटत नाही. ती सगळे कपडे घालून निघतात, भराभर चालतात आणि अर्ध्या तासात घामाने निथळतात. बर्फात घाई करणारा मागे पडतो, तो असा.

कपड्यांचेही शास्त्र आहे. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे, कारण ऊब कापडात नसते. ती कापडांमध्ये अडकलेल्या हवेत असते. आपली गोधडी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून करतात, त्यातले तत्त्व हेच. आतला थर घाम बाहेर टाकणारा असावा. तेथे सुती बनियन चालत नाही, कारण सूत घाम पिते आणि ओलेच राहते. मधला थर लोकरीचा किंवा तसाच उबदार. बाहेरचा थर वारा अडवणारा. वारा फार वाईट. तापमान उणे १० अंश असेल आणि ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० अंशांसारखे लागते.

इब्ने बतूता या मुसाफिराचे नाव तुम्ही ऐकले आहे. चौदाव्या शतकात तो कॉन्स्टँटिनोपलहून व्होल्गा नदीकडे ऐन हिवाळ्यात निघाला. तो मोरोक्कोचा, म्हणजे तसा गरम प्रदेशातलाच. आपल्या सफरनाम्यात त्याने लिहिले आहे की, त्याने फरचे तीन कोट आणि दोन विजारी घातल्या होत्या. पायांत एकावर एक तीन प्रकारचे बूट होते. वुजू करताना तो विस्तवाजवळ बसून गरम पाणी वापरी, तरी पाण्याचा थेंब पडताच गोठे. तोंड धुतले की पाणी दाढीत गोठून राही आणि दाढी झटकली की त्यातून बर्फ पडे. कपड्यांचे ओझे एवढे झाले होते की त्याला स्वतःच्या घोड्यावरही चढता येईना. सोबत्यांनी त्याला उचलून खोगिरावर बसवले! वाचताना हसू येते, पण त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. घोड्यावर बसून जाणाऱ्याला इतके कपडे चालतील. स्वतःच्या पायांनी चढणाऱ्याला चालणार नाहीत.

मग कोणाकडून शिकायचे? जे लोक पिढ्यान् पिढ्या बर्फात राहतात, त्यांच्याकडून. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात इन्युइट लोक राहतात. रोआल्ड अमुंडसेन हा नॉर्वेचा दर्यावर्दी १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षे कॅनडाच्या उत्तरेला त्यांच्या शेजारी राहिला. त्यांच्याकडून तो रेनडिअरच्या कातड्याचे सैल कपडे घालायला शिकला. आतल्या कपड्याची लव अंगाकडे आणि बाहेरच्या कपड्याची लव बाहेरच्या बाजूला. सैल कपड्यांतून हवा खेळते आणि घाम साचत नाही. कुत्र्यांची घसरगाडी हाकायला आणि बर्फाचे घर बांधायलाही तो शिकला. हे सगळे त्याने शिष्यासारखे शिकून घेतले. शिकलेल्या, पुढारलेल्या देशातला माणूस शिकाऱ्यांच्या झोपडीत बसून धडे घेतो, ही गोष्ट त्या काळी थोडी नव्हती. १४ डिसेंबर १९११ रोजी अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला आणि सोबत्यांसह सुखरूप परतला. इंग्लंडचा कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचला. तो आणि त्याचे चार सोबती परतीच्या वाटेवर मरण पावले. त्याला कारणे अनेक होती. हवामान वाईट होते, अन्न व इंधन कमी पडले, जड गाड्या स्वतः ओढून माणसे थकली. केवळ कपड्यांनी निकाल लागला असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण एकाची तयारी दुसऱ्यापेक्षा चांगली होती, हे खरे.

आता मुक्कामाकडे वळू. बर्फावर तंबू ठोकणे हे मैदानात तंबू ठोकण्यासारखे नाही. ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा भुसभुशीत असतो. त्यावर तंबू उभारला तर झोपलेल्या माणसाच्या खाली खड्डा पडतो. म्हणून आधी सगळ्यांनी मिळून जागा तुडवायची आणि अर्धा तास तशीच सोडायची. तेवढ्या वेळात दाबलेला बर्फ घट्ट होतो. खुंट्या अशा बर्फात टिकत नाहीत. त्याऐवजी एखाद्या पिशवीत बर्फ भरायचा, तिला तंबूची दोरी बांधायची आणि पिशवी बर्फात पुरून वर पाय देऊन दाबायची. वारा कोठून येतो ते पाहून त्या बाजूला बर्फाच्या विटांची भिंत रचायची. हे सगळे उजेड असतानाच करायचे.

तंबू नसेल किंवा फाटला तर बर्फातच घर करता येते. तुम्ही म्हणाल, बर्फात ऊब कशी मिळेल? ताज्या बर्फात दहातले नऊ भाग हवाच असते. गोधडीचेच तत्त्व पुन्हा आले! बर्फाच्या ढिगात गुहा खणतात तेव्हा तिचे दार खाली आणि झोपायचा ओटा वर ठेवतात. थंड हवा जड असते, ती खाली उतरून दाराकडे जाते. उबदार हवा वर ओट्यापाशी राहते. बाहेर उणे ३० अंश असले तरी आत शून्याच्या जवळपास तापमान राहू शकते. मात्र छताला हवेसाठी भोक ठेवावेच लागते आणि रात्री उठून ते बुजले नाही ना, हे पाहावे लागते. येथे एक मोठा धोका आहे. थंडीने बेजार झालेला माणूस तंबूची सगळी दारे घट्ट लावून आत स्टोव्ह पेटवतो. जळणाऱ्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि तो पुन्हा उठत नाही. आपल्याकडेही बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यामुळे माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, त्याचे कारण हेच.

बर्फात सर्वांत महाग वस्तू कोणती? पाणी! चारी बाजूंना पाणीच पाणी, पण गोठलेले. तहान लागली म्हणून बर्फ खाल्ला तर तो वितळवायला शरीराचीच उष्णता खर्च होते. म्हणून स्टोव्हवर बर्फ वितळवावा लागतो. दहा लीटर भुसभुशीत बर्फ वितळवला तर जेमतेम एक लीटर पाणी मिळते, कधी त्याहूनही कमी. प्यायला, स्वयंपाकाला आणि दुसऱ्या दिवशीच्या बाटल्यांना पाणी हवे, तर संध्याकाळचे दोन-तीन तास त्यातच जातात. भांड्यात तळाला आधी थोडे पाणी घालतात आणि मग बर्फ टाकतात, नाहीतर भांडे करपते. पाण्याची बाटली उलटी ठेवतात. पाणी वरून गोठायला लागते. बाटली उलटी असेल तर बर्फ तळाशी धरतो आणि बूच मोकळे राहते. झोपताना गरम पाण्याची बाटली, ओले मोजे आणि विजेरीचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेतात. बूट दमट असतील तर तेही पिशवीत घालून आत घेतात. बाहेर राहिलेले बूट सकाळपर्यंत लाकडासारखे कडक होतात आणि त्यांत पाय जात नाही. ज्याच्या पायात बूट जात नाही, तो चालणार कसा?

चालण्याची विद्याही वेगळी आहे. चिखलात फळी टाकली तर पाय रुतत नाही, कारण वजन पसरते. त्याच कारणाने बर्फात पायांना स्कीच्या लांब पट्ट्या किंवा जाळीदार रुंद चौकटी बांधतात. स्वालबार्डसारख्या प्रदेशात सामान पाठीवर न घेता छोट्या घसरगाडीवर ठेवून कमरेला बांधून ओढतात. कडक उतारावर बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दाते, बांधतात आणि हातात आइस अ‍ॅक्स घेतात. ही कुऱ्हाड झाडे तोडण्यासाठी नसते. पाय घसरला तर अंगाखाली तिचे टोक बर्फात रुतवून घसरण थांबवायची असते. शिक्षण घेताना मुलांना मुद्दाम उतारावर घसरायला लावतात. पोटावर, पाठीवर, डोके खाली करूनही! दिवसभर घसरायचे आणि थांबायचे. प्रत्यक्षात पडल्यावर विचार करायला सवड मिळत नाही. हाताला आपोआप समजले पाहिजे. हिमनदीवर चालताना सगळे एका दोराने एकमेकांना बांधून घेतात, कारण वर दिसणाऱ्या पातळ बर्फाखाली खोल भेगा असू शकतात. एक जण भेगेत पडला तर बाकीचे त्याला रोखून धरतात.

येथे हिमालय आणि उत्तर ध्रुवाचा प्रदेश यांतला एक फरक सांगितला पाहिजे. स्वालबार्डचे सर्वांत उंच शिखर न्यूटनटोपेन १,७१३ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे उंचीत फारसा फरक नाही! तेथे त्रास आहे तो थंडीचा, वाऱ्याचा, अंधाराचा आणि पांढऱ्या अस्वलांचा. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पळवून लावण्याचे साधन जवळ ठेवावेच लागते. हिमालयात अस्वलांची तशी भीती नाही, पण हवा विरळ होते. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठाच्या निम्मा होतो. तेथे घाईने चढणाऱ्याचे डोके दुखते, उलट्या होतात, फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून जीवही जाऊ शकतो. त्याला औषध एकच, खाली उतरणे.

आता त्या हिमदंशाकडे येऊ. थंडी वाढली की शरीर आपले रक्त हृदयाभोवती राखून ठेवते. बोटे, नाक, कान यांच्या वाट्याला रक्त कमी येते. आधी ती जागा दुखते. मग दुखायची थांबते आणि माणसाला बरे वाटते. धोका तेथेच आहे. कातडी पांढरी पडते, कडक होते, स्पर्श कळत नाही. ती जागा कधीही चोळू नये, बर्फाने तर नाहीच. विस्तवाजवळही धरू नये, कारण बधिर कातडी भाजलेली कळत नाही. सुरुवातीला सोबत्याच्या काखेची किंवा पोटाची ऊब पुरते. खोल हिमदंश झाला असेल तर सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, तो भाग बुडवून ठेवतात आणि डॉक्टरांकडे नेतात. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मध्येच वितळवत नाहीत.

याहून मोठे संकट म्हणजे सगळे शरीरच थंड होणे. आपले तापमान सुमारे ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले की माणूस कापतो, अडखळतो, बोबडे बोलतो, हातातल्या वस्तू पाडतो आणि चिडतो. 'मला काही झाले नाही,' असे म्हणतो. त्याचे ऐकायचे नाही. ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, स्लीपिंग बॅगमध्ये घालायचे आणि शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय द्यायचे. स्वतःचे नाक पांढरे पडलेले स्वतःला दिसत नाही. म्हणून बर्फात दोघांची जोडी करतात आणि एकाने दुसऱ्याचा चेहरा पाहत राहायचा, असा नियम असतो.

एवढे शिकूनही बर्फात जीव जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे विद्यार्थी आणि शिक्षक 'द्रौपदी का डांडा-२' या शिखरावर चढत होते. वरून हिमस्खलन झाले, म्हणजे बर्फाचा थरच्या थर सुटून खाली आला. २७ जणांचे मृतदेह हाती लागले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेल्या सविता कंसवाल या शिक्षिकाही होत्या. त्या दिवशी तेथे अडाणी कोणी नव्हते.

म्हणून शिक्षणाचा एक मोठा भाग बर्फ वाचण्याचा असतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून हिमस्खलन होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. नुकताच पुष्कळ बर्फ पडला असेल, वाऱ्याने तो एका बाजूला साचवला असेल, ऊन एकदम तापले असेल किंवा पायाखाली 'धप्प' असा आवाज होऊन बर्फ खचत असेल, तर तो उतार सोडायचा. बर्फाखाली गाडलेला माणूस पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढला तर जगण्याची आशा चांगली असते. पुढे ती झपाट्याने कमी होते. बाहेरून मदत येण्याइतका वेळ नसतो, सोबत्यांनीच खणावे लागते. त्यासाठी प्रत्येकाजवळ संदेश देणारे छोटे यंत्र, लांब सळई आणि फावडे असते. या तीन वस्तूंचा सराव वारंवार करून घेतात. परत फिरण्याचाही सराव असतो. शिखर शंभर मीटरवर दिसते आहे, पैसे खर्च झाले आहेत, घरी सगळ्यांना सांगून आलो आहोत आणि शिक्षक म्हणतात, 'मागे फिरा.' हा धडा मला वाटते सगळ्यांत अवघड असावा.

तुमच्यापैकी कोणाला या शाळेत जायचे असेल तर बर्फ पडायची वाट पाहायला नको. पुण्याचे गिर्यारोहक पाठीवर ओझे घेऊन सिंहगड पुन्हा पुन्हा चढतात. रायगड जिल्ह्यात तर डोंगरांना तोटा नाही. जाणत्या माणसांबरोबर, घरच्यांची परवानगी घेऊन, डिसेंबरात एक रात्र डोंगरावर राहून पाहा. आठच्या आकड्यासारखी गाठ डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधा. घाम न येऊ देता चढ चढून पाहा. खांबच्या हवेत ते किती कठीण आहे, ते पहिल्या पाच मिनिटांत समजेल.

आणि पहिला धडा आपल्या अंगणातही करता येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतून सरांच्या किंवा बाईंच्या परवानगीने दोन तापमापके घ्या. एकाच्या टोकाला कोरडे फडके गुंडाळा, दुसऱ्याच्या टोकाला ओले. दोन्ही सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी टांगा. दहा मिनिटांनी पाहा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. हाच प्रयोग एकदा जानेवारीच्या पहाटे, एकदा मे महिन्याच्या दुपारी आणि एकदा भर पावसात करा. ओल्या आणि कोरड्या तापमापकांत सर्वांत जास्त फरक कधी पडला, आणि भर पावसात तो इतका कमी का झाला, हे वर्गात विचारा.